मुठीचे दान आणि पोत्याचे दान

आमच्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ही स्मरणिका वाचकांच्या हाती पडत आहे. अशा प्रसंगी मागील पन्नास वर्षांतील कामाचा गौरव करण्याची रीत आहे, आणि अन्य लेखांतून तो यथायोग्य झालाही आहे. आम्ही येथे थोडा निराळा विषय घेतला आहे. लोकोपकारी संस्था चालते ती कशावर? तिला पैसा कोठून येतो, माणसे कोठून येतात, आणि आलेला पैसा व आलेली माणसे टिकतात तरी कशाने? पेडणे आणि डिचोली या आमच्या दोन तालुक्यांच्या अनुभवावरून या प्रश्नाचा उलगडा करून पाहावा, असा हेतू आहे. पुढील पन्नास वर्षांची चिंता ज्यांना वाहावयाची आहे, त्या तरुण कार्यकर्त्यांनी हा लेख विशेष लक्ष देऊन वाचावा, अशी विनंती आहे.

प्रारंभ मुठीपासून करू. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचे नाव गोव्यात कोणी ऐकले नाही असे नाही. ही संस्था 1908 सालची. तिच्या नावातच तिच्या उभारणीची कथा आहे. घरातील गृहिणीने रोज भात रांधावयास तांदूळ घेताना त्यातील एक मूठ निराळ्या भांड्यात टाकावी, आणि साचलेला तांदूळ संस्थेच्या माणसाने घरोघर फिरून गोळा करावा, ही मुष्टिफंडाची कल्पना. मुलांना मराठीतून शिक्षण मिळावे म्हणून राज्यकर्त्यांकडे हात पसरण्याची सोय ज्या काळी नव्हती, त्या काळी लोकांनी हा मार्ग शोधला.

मूठ म्हटली की ती क्षुल्लक वाटते. परंतु हिशेब करून पाहावा. एक मूठ सुमारे 50 ग्रॅमची धरली, तर वर्षाच्या 365 दिवसांत एका घरातून 18 किलोहून अधिक तांदूळ निघतो. शंभर घरांचा झाला 18 क्विंटल. आणि गंमत अशी की, त्या शंभर घरांपैकी एकाही घरात कोणी उपाशी राहिलेले नसते. जे घर एकदम 18 किलो तांदूळ देताना दहा वेळा विचार करील, तेच घर रोजची मूठ विचार न करता देते. कारण देणे हा तेथे निर्णय राहिलेला नसतो. ती सवय झालेली असते.

ही कल्पना केवळ गोव्याचीच होती असे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकच पैसा मागून पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले, आणि त्या पैशा-पैशातून 1908 साली तळेगावास काच कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, तिच्या वसतिगृहांतील गरीब मुलांच्या जेवणासाठी त्यांनीही खेड्यापाड्यांतून मुष्टिफंडाचा आश्रय केला. विनोबांनी भूदानाच्या पाठोपाठ सर्वोदय-पात्राची कल्पना मांडली, तीत तर घरातील लहान मुलाच्या हातूनच रोज मूठभर धान्य पात्रात पडावे असे सांगितले होते. मुलाची मूठ लहान असते. पण ज्या मुलाला देण्याची सवय लागली, तो मोठेपणी देता हात आखडत नाही, हे त्यातील मर्म.

आता आपल्या भागाकडे वळू. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या हाती गेले ते 1781 ते 1788 या काळात. नव्या काबिजादीचा हा मुलूख. येथे देवळे राहिली, जत्रा राहिल्या, मराठी पोथी-पुराण राहिले. परंतु शाळा, वाचनालय, दवाखाना या गोष्टी फार काळ दुर्मिळच होत्या. 1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, धर्मभेदाची बंधने सैल झाली, आणि गोव्यातील हिंदू समाजाने संस्था काढावयास सुरुवात केली. फोंड्याचे गोवा विद्याप्रसारक मंडळ 1911 सालचे. त्यानंतर गावोगाव जी लहानमोठी वाचनालये व शाळा निघाल्या, त्यांची नावे इतिहासात क्वचितच आढळतील. कोणाच्या तरी पडवीत वर्ग भरे. मास्तरांचे जेवण पाळीपाळीने घरोघर होई. त्यालाही दानच म्हणावयाचे. मात्र त्याची पावती कोणी फाडली नाही.

दानाच्या काही रीती आपल्या रक्तातच आहेत, फक्त त्यांस आपण दान असे नाव देत नाही. देवळातील पावणी घ्या. देवास वाहिलेला नारळ किंवा केळ्यांचा घड पुकारला जातो, आणि दहा रुपयांचा नारळ हजार रुपयांस जातो. पुकारणारा हसतो, घेणारा हसतो, देवस्थानाच्या निधीत भर पडते. वास्कोच्या दामोदर सप्ताहात निरनिराळ्या व्यवसायांचे लोक आपापले पार काढतात. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली आहे. एकाच धंद्यातील माणसांनी एकत्र येऊन वर्गणी काढावयाची, आणि अमका पार आमचा असे अभिमानाने म्हणावयाचे. आज ज्यास कामाच्या ठिकाणची देणगी-मोहीम म्हणतात, तिचे बीज याहून वेगळे नाही. शिगम्यात रोमटामेळ घरोघर फिरतो, त्यातून जमलेला पैसा गावच्या कामी लागतो, हेही आपल्या नित्य पाहण्यातले आहे.

नाटकाचा उल्लेख केल्याशिवाय तर गोमंतकीयांच्या दानधर्माची हकिकत पुरी व्हावयाची नाही. मुंबईस गेलेल्या गोमंतकीयांनी 1919 साली गोवा हिंदु असोसिएशन स्थापन केली. पुढे तिच्या कला विभागाने 1962 साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, 1964 साली ‘मत्स्यगंधा’ आणि 1970 साली ‘नटसम्राट’ ही नाटके रंगभूमीवर आणली. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्यांचे स्थान काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. आम्हांस येथे एवढेच सांगावयाचे आहे की, ती नाटके करणारी मंडळी मूळची समाजकार्याच्या संस्थेची होती. फोंडा महालात बांदिवडे येथे वृद्धांसाठी उभे असलेले स्नेहमंदिर हे त्याच संस्थेचे काम. ज्याने तिकीट काढले त्याने नाटक पाहिले. आपण कोणा म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरील छपरास हातभार लावला, हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल. दान असेही होऊ शकते.

ही झाली मुठीची कथा. आता पोत्याची.

आमच्या भागात मोठे दाते झाले नाहीत असे मुळीच नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे पेडण्याचे. खाणीच्या धंद्यात त्यांनी संपत्ती मिळविली आणि राजकारणात येण्यापूर्वीपासून शाळांना, विद्यार्थ्यांना व गरजूंना मोकळ्या हाताने दिली. डिचोलीत झांट्ये कुटुंबाचे नाव काजूच्या व्यापारामुळे घरोघरी पोहोचले. त्याच कुटुंबाच्या दातृत्वातून सर्वण येथे नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय उभे आहे, आणि ज्या मुलांना पदवीसाठी म्हापसा किंवा पणजी गाठणे परवडले नसते ती तेथे शिकतात. व्यापाऱ्याने जेथे मिळविले तेथेच परत पेरले, याचे याहून चांगले उदाहरण शोधावयास नको.

डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणी चालू होत्या त्या काळात देणगी मागणे फार कठीण नव्हते. शिरगाव, मुळगाव, मये, पिळगाव, पाळी, वेळगे, सुर्ल या भागात खाणीवर नोकरी, खाणीचा ट्रक, ट्रकवाल्यांस लागणारे गॅरेज, गॅरेजपाशी चहाचे दुकान, अशी सारी साखळीच होती. शाळेचे स्नेहसंमेलन असो की रुग्णास मुंबईस न्यावयाचे असो, एका दारी गेले की काम होई. पन्नास दारे फिरण्याची गरज उरली नाही. आणि येथेच आमची चूक झाली. गरज उरली नाही म्हणून आम्ही फिरणे सोडले.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्यातील खाणी थांबल्या. पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही तसाच आदेश झाला. एप्रिल 2014 च्या निकालानंतर काही काळ काम पुन्हा सुरू झाले. परंतु फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्च 2018 पासून खाणी पुन्हा बंद झाल्या. निसर्गाची व कायद्याची जी हानी होत होती ती पाहता न्यायालयाने काय करावयास हवे होते, हा या लेखाचा विषय नव्हे. खाणीच्या धुळीने ज्यांची शेते गेली त्यांचे म्हणणे आम्ही जाणतो, आणि ज्यांचा ट्रक दारात गंजला त्यांचेही. आम्ही केवळ आमच्या संस्थेपुरते बोलतो. एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या. मदत मागणारे दुप्पट झाले, आणि मदत देणारे दार बंद झाले. गेल्या वर्षापर्यंत जो आपल्या मुलाच्या वाढदिवसास गावजेवण घालीत असे, तो शाळेच्या फीसाठी आमच्याकडे आला; बसला, पाणी प्याला, आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्यास काय हवे ते आम्हांसच विचारावे लागले.

त्या दिवसांत आमची वह्यांची व औषधांची मदत बंद पडली नाही, याचे कारण एकच. जुन्या वहीत काही लहान वर्गणीदारांची नावे अजून शिल्लक होती. कोणी शिक्षक, कोणी टपाल खात्यातील, कोणी निवृत्त परिचारिका, कोणी बाजारातील फुलवाली. महिन्यास वीस रुपये, पन्नास रुपये. ती नावे आम्ही सांभाळली होती असेही म्हणता येत नाही. त्यांनीच आम्हांस सांभाळले होते. मोठ्या दात्याची निंदा आम्हांस करावयाची नाही. मोठ्या दानाशिवाय इमारत उभी राहत नाही. परंतु इमारतीत रोजचा दिवा लावावयाचा तर मूठच लागते. पोते एकाच्या खांद्यावर असते. तो खांदा वाकला की पोते खाली येते. मुठी शंभर असतात. दहा मिटल्या तरी नव्वद उघड्या राहतात.

आता हे आजच्या काळात कसे साधावयाचे ते पाहू. आज घरोघर तांदूळ मागत फिरण्यात अर्थ नाही. कारण घरातील माणसे दिवसभर घरी नसतात. ती कामावर असतात. पूर्वी कुटुंब शेतात एकत्र असे; आज तुयेच्या आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत, हॉटेलांत, बँकांत, शाळांत, आणि 2023 च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागलेल्या मोपाच्या विमानतळावर आपली मुले-मुली काम करीत आहेत. तेव्हा मुष्टिफंडाचे भांडे चुलीजवळून उचलून पगाराच्या वहीजवळ ठेवावे लागेल, इतकाच फरक.

ही पद्धत जगात नवी नाही. अमेरिकेत डेन्व्हर शहरात 1887 साली निरनिराळ्या धर्मादाय संस्थांनी आपापली झोळी न फिरविता एकच सामाईक मोहीम काढली. पुढे त्यातूनच ‘युनायटेड वे’ ही जगभर पसरलेली संघटना वाढली, आणि कामगाराच्या पगारातून त्याच्या संमतीने ठराविक लहान रक्कम कापून घेण्याची चाल तिने रूढ केली. आपल्याकडेही 1949 पासून दरवर्षी 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी कचेऱ्यांतून व शाळांतून जमतो. भूकंप किंवा पूर आला की सरकारी नोकर एक दिवसाचा पगार देतात. 2009 पासून गांधीजयंतीच्या आठवड्यात, म्हणजे 2 ते 8 ऑक्टोबरपर्यंत, दान-उत्सव साजरा करण्याची प्रथा देशात पडली आहे. म्हणजे रस्ता तयार आहे. चालावयास माणसे हवीत.

हिशेब पाहा. एका कारखान्यात दोनशे कामगार आहेत असे समजू. प्रत्येकाने महिन्यास 50 रुपये दिले, तर वर्षाचे 1,20,000 रुपये होतात. 50 रुपये म्हणजे आज दोन-तीन वेळच्या चहा-भजीचा खर्च. मालकाने तितकीच भर घालण्याचे कबूल केले, तर 2,40,000. या रकमेत किती मुलांची पुस्तके, किती रुग्णांचा प्रवासखर्च भागेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

मात्र अशा मोहिमेची काही पथ्ये आहेत, आणि ती पाळली नाहीत तर मोहीम एका वर्षात बुडते. ती आम्ही ठेच खाऊन शिकलो, म्हणून सांगतो.

पहिले पथ्य असे की, सक्ती नको. कामगाराच्या पगारातून वर्गणी कापावयाची तर त्याची लेखी संमती हवी, आणि ती केव्हाही मागे घेण्याची मुभा हवी. एका ठिकाणी वरिष्ठांनी सर्वांच्या वतीने परस्परच होकार देऊन टाकला. पहिल्या महिन्यास रक्कम भरपूर आली. तिसऱ्या महिन्यास कुरकुर सुरू झाली. सहाव्या महिन्यास आमच्या संस्थेचे नाव निघताच माणसे तोंड फिरवू लागली. दोष त्या वरिष्ठांचा एकट्याचा नव्हता. विचारल्याशिवाय घेतलेला पैसा आम्ही घ्यावयास नको होता.

दुसरे, कोणी किती दिले याची यादी भिंतीवर लावू नये. ज्याच्या घरी आई आजारी आहे त्याने दहा रुपये दिले, आणि ज्यास काही व्याप नाही त्याने पाचशे. यात थोर कोण हे यादी सांगू शकत नाही. एकूण रक्कम किती जमली आणि तिचे काय झाले, हे मात्र जरूर लावावे.

तिसरे, मागणारा माणूस तेथलाच हवा. बाहेरून आलेल्या पदाधिकाऱ्याने तासभर व्याख्यान दिले, तर लोक घड्याळ पाहतात. शेजारच्या यंत्रावर काम करणारा जेव्हा सांगतो की, माझ्या भाच्याला या संस्थेने पुस्तके दिली होती, तेव्हा दुसरा हात खिशात घालतो.

चौथे, दिलेल्याचा निरोप परत पोहोचवावा. तीन महिन्यांनी एक साधे पत्र, चार ओळींचे: आपल्या वर्गणीतून इतक्या मुलांना वह्या दिल्या, इतक्या रुग्णांना इस्पितळात पोहोचविले. आभाराच्या मोठ्या शब्दांपेक्षा हा आकडा माणसास अधिक समाधान देतो.

आता व्यापारी आणि उद्योजक यांच्याकडे वळू. येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. ही स्मरणिका उलटून पाहिली तर शेवटच्या पानांवर अनेक दुकानदारांच्या व कारखानदारांच्या जाहिराती आढळतील. त्या सर्वांचे आम्ही मनापासून ऋणी आहोत. पण जाहिरात आणि देणगी या दोन भिन्न गोष्टी आहेत. जाहिरातीत देणाऱ्यास मोबदला मिळतो. त्याचे नाव लोकांपुढे येते. हा त्याच्या धंद्याचा खर्च होय. देणगीत मोबदला नसतो. दोहोंची पावती वेगळी, हिशेबातील खाते वेगळे. ही सरमिसळ अनेक संस्था अजाणता करतात आणि मग लेखापरीक्षकापुढे अडचणीत येतात.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत कायद्यानेच मार्ग आखून दिला आहे. 2013 च्या कंपनी कायद्यातील 135 वे कलम 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. ज्या कंपनीची मालमत्ता देणे वजा जाता 500 कोटी किंवा अधिक, वा उलाढाल 1,000 कोटी किंवा अधिक, वा निव्वळ नफा 5 कोटी किंवा अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च केले पाहिजेत. सरासरी नफा 10 कोटी असेल तर 20 लाख रुपये. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, कंपनी जेथे काम करते त्या परिसरास तिने प्राधान्य द्यावे, असेही त्याच कलमात म्हटले आहे. तेव्हा आपल्या तालुक्यात चालणाऱ्या मोठ्या कंपनीकडे जाताना याचक म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही. मात्र रिकाम्या हातीही जाऊ नये. केवळ आपल्या नोकरांच्या फायद्याचे काम, एखादा एकदिवसाचा समारंभ, किंवा स्वतःच्या मालाची प्रसिद्धी व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरले जात नाही. संस्थेमार्फत काम करावयाचे तर त्या संस्थेची नोंदणी हवी, तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि 1 एप्रिल 2021 पासून केंद्र सरकारकडे वेगळी नोंदही करावी लागते. ज्या संस्थेची कागदपत्रे कपाटात नीट लावलेली आहेत तिचेच काम होते. जिची कागदपत्रे माजी चिटणीसांच्या घरी माळ्यावर आहेत, तिचे होत नाही.

परंतु आमच्या भागातील बहुतेक व्यापारी या कायद्याच्या कक्षेत येतच नाहीत. पेडण्याच्या बाजारातील किराणा दुकानदार, डिचोलीतील कापडवाला, हरमल-मांद्र्याकडील लहान खानावळीवाला, यांच्याकडून लाखांची अपेक्षा करणे चूक होय. त्यांच्यापाशी पैशाहून मोलाच्या गोष्टी असतात. औषधांच्या दुकानदाराने गरीब रुग्णास खरेदीच्या भावात औषध दिले, टेम्पोवाल्याने पुराच्या वेळी एक खेप फुकट केली, छापखानेवाल्याने केवळ कागदाचे पैसे घेऊन पावतीपुस्तके छापली, शिंप्याने शाळेचे दहा गणवेश बिनमजुरीने शिवले, तर त्याचे मूल्य रोख देणगीहून कमी नाही. अशी मदतही किमतीसह वहीत लिहून ठेवावी. आणि उलट बाजूने संस्थेनेही एक नियम पाळावा: आपल्यास लागणारी खरेदी शक्य तोवर आपल्याच बाजारातून करावी. ज्याच्याकडून आपण वही विकत घेत नाही, त्याच्याकडे वह्या फुकट मागावयास जाणे शोभत नाही.

पैशाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मोल वेळेचे आहे. स्वयंसेवक म्हटला की समारंभात छातीला फीत लावून खुर्च्या मांडणारा तरुण डोळ्यांपुढे येतो. ते कामही हवेच. पण आम्हांस खरी गरज कोणाची पडते ते सांगतो. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या आडगावातील एकट्या म्हातारीला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जावयाचे असते. उपचार तेथे मिळतो. पण केसपेपर कोठे काढावयाचा, रक्ताचा नमुना कोणत्या खिडकीपाशी द्यावयाचा, अहवाल केव्हा मिळेल, हे तिला समजत नाही, आणि ती न विचारताच संध्याकाळी परत येते. तिच्याबरोबर एक दिवस जाणारा माणूस हवा. त्यास कोणतीही पदवी लागत नाही. थोडा धीर लागतो, आणि एक दिवसाची रजा. कामाच्या ठिकाणच्या मंडळींनी वर्षातून दोन दिवस जरी असे दिले, आणि मालकांनी त्या दिवसांचा पगार कापला नाही, तरी फार मोठे काम होईल.

रक्तदानाची गोष्ट तशीच. महोत्सवाच्या दिवशी शिबिर भरवून शंभर बाटल्या जमविल्या म्हणजे आम्हांस धन्य वाटते. पण रक्त साठवून ठेवण्यास मर्यादा असते. तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात. प्लेटलेट्स तर अवघे पाच दिवस. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, माणसे गावोगाव पांगलेली असतात, आणि नेमका त्याच वेळी तुटवडा भासतो. 18 ते 65 वर्षे वयाच्या निरोगी माणसास, पुरुषास तीन महिन्यांनी व स्त्रीस चार महिन्यांनी, पुन्हा रक्त देता येते. तेव्हा शंभर जणांनी एकाच दिवशी देण्याऐवजी पंचवीस-पंचवीस जणांनी वर्षातून चार वेळा द्यावे, हे अधिक उपयोगाचे. हीदेखील मुठीचीच रीत.

संकटकाळी तर स्वयंसेवक आधीपासून शिकलेला असेल तरच कामाचा. 23 जुलै 2021 रोजी गोव्यात जो पूर आला तो 1982 नंतरचा सर्वांत मोठा असे सांगण्यात आले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे या तालुक्यांत कितीतरी घरांची पडझड झाली. मदतीस धावणारे हात पुष्कळ होते; परंतु कोणत्या वाड्यावर किती म्हातारी माणसे आहेत, होडी कोणाकडे आहे, जेवण कोठे शिजवावयाचे, याची यादी आधीच तयार नसेल तर तीच बिस्किटे एका घरी तीनदा पोहोचतात आणि शेजारच्या वाड्यावर कोणीच जात नाही. 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले, ती आठवण अजून ताजी आहे. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्या दुःखापुढे आम्ही काही बोलू शकत नाही. फक्त इतके मनात येते की, गर्दीत काय करावे, पडलेल्यास कसे उचलावे, गुदमरलेल्यास कसा श्वास द्यावा, हे प्रत्येक वाड्यावरील चार तरुणांना शिकविलेले असावे. प्रथमोपचाराचा वर्ग हा समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेत शोभून दिसत नाही. पण तोच वेळेवर उपयोगी पडतो.

आणखी एक व्यावहारिक सूचना. आपल्याकडे काम ठरविताना पंचांगाइतकेच शेताकडेही पाहावे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत काजूचा हंगाम. तेव्हा बागायतदार आणि मजूर दोघेही डोंगरावर असतात. जून-जुलैत लावणी. चवथीच्या आधी पंधरा दिवस कोणासच सवड नसते. चवथ ते दिवाळी, आणि नंतर जत्रा सुरू होईपर्यंतचे दिवस, हा सेवाकार्याचा काळ. नेत्रशिबिर काजूच्या हंगामात ठेवून मग माणसे आली नाहीत म्हणून गावाला नावे ठेवणे योग्य नव्हे.

शेवटी ज्यावर सारे अवलंबून आहे त्या गोष्टीकडे येऊ. ती म्हणजे हिशेब. मुष्टिफंडाचा तांदूळ गोळा करणारा घरोघर जाई तेव्हा गृहिणी त्याच्या तोंडाकडे पाहून तांदूळ घाली. तो माणूस तिच्या ओळखीचा असे. आज वर्गणी देणारा आपणास ओळखत नाही. त्याची ओळख हिशेबाच्या कागदाशीच होते. म्हणून प्रत्येक रुपयाची पावती द्यावी, दहा रुपयांचीही. मोठी देणगी रोख घेऊ नये. दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीवर दात्यास आयकरात सूटही मिळत नाही. वर्षाचा जमाखर्च तपासून घ्यावा आणि तो सभासदांना मागावा लागू नये. संस्थेच्या दारावर आपण होऊन लावावा. कायम ठेवीला हात लावू नये. तिचे व्याजच खर्चावे. ज्या कामासाठी पैसे मागितले त्याच कामास ते लावावेत. पुस्तकांच्या निधीतून सत्काराच्या शाली घेऊ नयेत. पैशाची तूट दात्याच्या दारी जाऊन भरून काढता येते. गेलेला विश्वास परत मिळविण्यास मात्र एक पिढी लागते.

आमच्या संस्थेस पन्नास वर्षे झाली याचा आनंद आहेच. परंतु हा लेख लिहिताना आम्ही जुनी वर्गणीची वही पुन्हा उघडली, तेव्हा एका नावापुढे सलग एकवीस वर्षे दरमहा पाच रुपये लिहिलेले आढळले. मधल्या काळात महागाई कितीतरी वाढली, त्या पाच रुपयांत आता काही येत नाही; तरी ती बाई आपल्या मुलाच्या हाती ते पाठवीतच राहिली. शेवटच्या नोंदीपुढे मुलाचे नाव आहे. आईमागे त्याने वर्गणी चालू ठेवली, आणि पाचाचे पन्नास केले.

ज्या वाचकांनी हा लेख येथवर वाचला, त्यांना आमची एवढीच विनंती आहे. आपल्या कामाच्या ठिकाणी दहा माणसे जमवा, आणि महिन्यास परवडेल ती रक्कम ठरवा. रक्कम लहान असू द्या. खंड मात्र पडू देऊ नका. मूठ आपली, भांडे आपले, आणि ज्यांच्या पानात तो घास पडावयाचा तेही आपलेच.